दोकियाचा चौदा नंबरचा शिक्का

आमच्या गावात मेलेल्या माणसाला एखादी वस्तू पाठवायची असली, तर ती आधी दोकियाच्या टेबलावर जायची. ती म्हणायची, "जिवंत गिऱ्हाईक भांडायला दुकानात परत येतं. मेलेलं कुठं येणार? म्हणून त्याच्या वस्तूत खोट चालत नाही."

आम्ही व्लाख लोक. डॅन्यूबच्या या काठावर आमच्यात माणूस गेला की चाळिसाव्या दिवशी, सहा महिन्यांनी, वर्षानं आणि पुढं सात वर्षांपर्यंत पोमाना, म्हणजे मेलेल्याच्या नावानं जेवण, घालतात. अंगणात लांब टेबल, त्यावर गोल पाव, मासा, मेणबत्त्या, आणि एका खुर्चीवर मेलेल्याच्या वस्तू. कपडे, बूट, कंगवा, छत्री. गेलेला पुरुष असला तर त्याच्याच वयाच्या एखाद्या पुरुषाला बोलवून त्या वस्तू द्यायच्या आणि म्हणायचं, "हे अमक्याच्या पुढ्यात असो." इथं तो माणूस त्या वापरतो, तिकडं त्या गेलेल्याला मिळतात. काही राहून गेलं तर तो स्वप्नात येऊन मागतो. मिलुतिन म्हाताऱ्याला टीव्ही दिला आणि रिमोट द्यायला विसरले, तर तीन वर्षं तो बायकोच्या स्वप्नात येऊन त्याच त्या बातम्या बघून कंटाळलो म्हणायचा. एकाला टॉर्च दिली, सेल नव्हते. त्याच्या सुनेला विचारा, काय काय ऐकावं लागलं तिला.

असल्या तक्रारी वाढल्या तेव्हा लोकांना दोकियाची आठवण झाली. तिनं बावीस वर्षं शहरातल्या रेडिओच्या कारखान्यात तपासणीच्या टेबलावर काढली होती. कारखाना बंद पडला तेव्हा बाकीच्यांनी घड्याळं नेली, खुर्च्या नेल्या, हिनं आपला रबरी शिक्का आणला. त्यावर फक्त आकडा होता, चौदा. वस्तू पास झाली की ती चिठ्ठीवर शाळेसारखे पाचपैकी गुण लिहायची आणि खाली चौदा उमटवायची. तो चौदा असल्याशिवाय खुर्चीवर वस्तू ठेवायची कुणाची छाती नव्हती. बाई तशी फटकळ. एकदा पाद्र्याच्या मेलेल्या भावाचं घड्याळ तिनं दोन गुण देऊन परत पाठवलं होतं.

तिचा एक नियम होता आणि तो तिनं सगळ्या गावाला पाठ करून घेतला होता. वस्तू पहिल्यांदा ज्याच्या नावानं चालू केली, त्याची. नंतर टेबलाशी हजार नावं घ्या, उपयोग नाही. म्हणून बटण दाबण्याआधी ती म्हणायची, "बोट माझं, हात अमक्याचा." मग दाबायची. आणि ज्याचं नाव घेतलं तो जिवंत असेल तर वस्तू कुठंच जात नाही, कारण तिकडं घेणारा कुणी नसतो. ऑस्ट्रियात मेला म्हणून निरोप आलेल्या एकाचा कोट असाच आमच्यातल्या आमच्यात राहिला. दोन महिन्यांनी मालक स्वतः येऊन तो घालून गेला.

मी आदाम, इथला पोस्टमन. दोकिया माझी कुणी नव्हे, पण मी तिला मावशी म्हणायचो, कारण तिचा मुलगा त्राइलो आणि मी शाळेत एका बाकावर बसलो. देशाचे तुकडे पडून युद्ध सुरू झालं त्या वर्षी, चोवीस वर्षांचा असताना, तो कामासाठी सरहद्दीपलीकडं गेला. पलीकडच्या समुद्रकाठावरच्या त्रिएस्ते शहरातून एक कार्ड आलं, 'पोचलो, आई. बूट चांगले आहेत.' त्यानंतर काहीच नाही. सोळा वर्षं मी रोज दहाच्या सुमाराला तिच्या फाटकाशी सायकल थांबवायचो आणि ओरडायचो, "काही नाही, मावशी!" ती हात हलवायची. एखाद्या दिवशी मी न थांबता गेलो तर दुसऱ्या दिवशी शिव्या.

लोकांनी तिला समजावलं होतं. माझ्या आईनंच सांगितलं, "अगं, पोमाना घाल त्याची. तिकडं उपाशी असेल." दोकियानं तिच्यावर स्टूल भिरकावलं. "जिवंत पोराच्या नावानं मेलेल्याचा पाव मोडू?" एवढं बोलून ती आत गेली. पण मला माहीत होतं, तिला भीती दोन्हीकडून होती. तो जिवंत असेल तर पोमाना घालून ती त्याला आपल्या हातानं मेलेल्यांत ढकलणार. मेला असेल तर सोळा वर्षं तो अंधारात, बिनमेणबत्तीचा, अनवाणी, आणि त्याला तसं ठेवणारी त्याची आई. यातलं कुठलं खरं, हे कळल्याशिवाय तिला मरायचंही नव्हतं. तेव्हा ती अडुसष्ट वर्षांची होती.

त्या ऑगस्टमध्ये पेर्सिदा तिच्याकडं प्लेअर घेऊन आली.

पेर्सिदाचं कुटुंब डोंगरापलीकडचं, आठ वर्षांपूर्वी आमच्या गावात घर बांधून राहिलेलं. नवरा व्हिएन्नात. मुलगा स्लाविशा एकोणीस वर्षांचा. फेब्रुवारीत बापाकडं जाताना महामार्गावर त्यांची व्हॅन उलटली आणि तो जागीच गेला. हातात मेणबत्ती नाही, उशाशी कुणी नाही. असं मेणबत्तीशिवाय गेलेलं माणूस तिकडं अंधारात बसतं, हे आमच्यात शेंबडं पोरही सांगेल. स्लाविशाला तो छोटा प्लेअर हवा होता, गाणी ऐकायचा आणि व्हिडिओ बघायचा. बापानं नाताळला देतो म्हणून टाळलं होतं. आता सहा महिन्यांच्या पोमानेला त्यानं तोच आणला. पेर्सिदाच्या डोक्यात एकच होतं. त्याला पडदा आहे, पडद्याला उजेड आहे. पोराला गाणं मिळेल आणि उजेडही.

बुधवारी सकाळी दोघी दोकियाच्या अंगणात तुतीखालच्या टेबलाशी बसल्या होत्या. दोकियानं खोकं उघडलं. सिगारेटच्या पाकिटाहून लहान, काळाभोर प्लेअर. तिनं तो वजन करावं तसा हातात तोलला, चालू करायचं सोडून बाकीची बटणं एकेक दाबून पाहिली, खाच नखानं तपासली, इअरफोनची तार बोटांतून ओढत नेली. "तिकडं भिंतीत प्लग असेल का गं?" तिनं विचारलं.

"मला काय ठाऊक, मावशी?"

"मलाही नाही. चार्जर वेगळा ठेव आणि त्याचं नाव वेगळं घे. प्लेअर भरगच्च चार्ज करून दे. जा, मला पाणी आण, घसा सुकला."

पेर्सिदा नळावर गेली. दोकियानं इअरफोन कानात घातले, डोळे मिटले, बोट बटणावर ठेवलं. आणि नेमका त्याच क्षणी मी फाटकाशी पोचलो. सवयीनं ओरडलो, "काही नाही, मावशी!"

मी तिचे ओठ पाहिले. ती म्हणाली, "बोट माझं, हात त्राइलोचा." आणि तिनं बटण दाबलं.

मी सायकल धरून तसाच उभा राहिलो. तिचेही डोळे उघडले होते. ऊन रणरणत होतं, पण माझ्या मानेवर कुणीतरी ओला हात ठेवल्यासारखं वाटलं. पेर्सिदा पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि दोकिया काही झालंच नाही अशी कामाला लागली.

ती एकेक गाणं अर्धं ऐकायची. दोन गाण्यांमधल्या शांततेत खरखर येते का, आवाज वाढवला की फाटतो का, थांबवलेलं गाणं तिथूनच सुरू होतं का. मग ती आतून काळी गोधडी घेऊन आली आणि भर उन्हात डोक्यावरून ओढून बसली. अंधारात पडदा कसा दिसतो ते उन्हात कसं कळणार? आम्ही दोघं त्या गोधडीच्या ढिगाकडं बघत राहिलो. झिजलेल्या जागांमधून निळसर उजेड हलत होता.

"चित्र पाच," गोधडीतून आवाज आला. "पोरगं नाचतंय. चेहरा स्वच्छ दिसतो."

बापानं प्लेअर चालू न करता कॉम्प्युटरवरून त्यात गेल्या जत्रेचा व्हिडिओ घातला होता, स्लाविशा नाचतानाचा. पेर्सिदा एप्रनची कड पिळत होती. "अंधारात पुरेल ना, मावशी, तेवढा उजेड?"

उजेड हलायचा थांबला, बराच वेळ एका जागी राहिला आणि मग विझला.

दोकिया बाहेर आली तेव्हा घामानं भिजली होती. "उजवी बाजू खणखणीत. डावी मंद आहे. कारखान्यात असती तर मी ही वस्तू फेकली असती."

"शनिवारी पोमाना आहे! आता दुसरी कुठून आणू?" पेर्सिदा रडकुंडीला आली. "मावशी, त्याला अंधारात काय कळणार आहे डावं-उजवं?"

दोकियानं माझ्याकडं पाहिलं. "आदाम, मघाशी बटण दाबताना मी नाव कुणाचं घेतलं?"

मी घाबरट माणूस आहे. समोर पेर्सिदा उभी, तीन दिवसांवर पोमाना, साठ माणसांना आमंत्रण, आणि माझ्या ओरडण्यामुळं सगळा घोटाळा झालेला. "स्लाविशाचं," मी म्हणालो. "आणखी कुणाचं घेणार?"

ती माझ्याकडं इतका वेळ बघत राहिली, की मी पिशवीतली पत्रं उगाच वर-खाली केली. मग तिनं चिठ्ठी लिहिली. बटणं पाच, चित्र पाच, आवाज तीन, डावी बाजू मंद. शिक्क्यावर तोंडाची वाफ सोडली आणि चौदा उमटवला.

शनिवारी पोमाना थाटात झाली. स्लाविशाच्या खुर्चीवर पांढरा शर्ट, नवे बूट आणि सगळ्यांत वर तो प्लेअर. पेर्सिदानं मेणबत्तीची ज्योत त्याला लावली न लावली अशी फिरवली. "हे स्लाविशाच्या पुढ्यात असो. त्याचा चार्जरही स्लाविशाच्या पुढ्यात असो." बोयान म्हणून स्लाविशाचा दोस्त होता, त्यानं वाकून घेतलं. मी मासा खाल्ला नाही. दोकिया आली होती, पण टेबलाच्या टोकाला बसून तिनं पावाचा तुकडाही मोडला नाही.

बारा दिवसांनी बोयाननं मला रस्त्यात अडवलं. "आदामकाका, तुम्हाला यंत्रातलं काही कळतं का?"

"मला सायकलीतलं कळतं. का रे?"

"डावा कान बंदच पडलाय याचा. आणि दुसरं म्हणजे..." त्यानं आजूबाजूला पाहिलं. "मी रोज वेगळ्या गाण्यावर बंद करतो. सकाळी चालू केलं की सातव्यावरच असतं. रोज सातवं. हसू नका."

मी हसलो नाही. त्यानं इअरफोन माझ्या कानात घातला. लग्नात वाजतं ते जुनं नाचाचं गाणं होतं, सगळ्यांना ठाऊक असलेलं. शाळेतून येताना त्राइलो तेच शिट्टीवर वाजवायचा, रोज, अगदी डोकं उठेपर्यंत. मी बोयानला सांगितलं, "बॅटरीचा दोष असेल." आणि त्या दिवशी पत्रं न वाटताच घरी आलो.

दुसऱ्या दिवशी दोकियाच्या फाटकाशी पोचलो तर पेर्सिदा आधीच तिथं होती. केस विंचरलेले नव्हते.

"तीनदा आला, मावशी. तीनदा! पाण्याच्या कडेला बसलाय, काळोखात. कान मोकळे. म्हणतो, आई, डबी आली नाही. मी म्हटलं, अरे, दिली की! बोयानच्या हातात दिली. तर म्हणतो, आली, पण माझ्याकडं नाही. एका माणसाकडं आहे. त्याच्या तोंडावर तिचा उजेड पडतो, म्हणून मला तो दिसतो."

दोकिया उभी होती. तिनं फाटकाचा खांब धरला. "कसला माणूस?"

"मी ओळखत नाही त्याला. तरुण आहे, दाढी वाढलेली, अंगावर पाणी गळतंय. स्लाविशा मागतो तर देत नाही. म्हणतो, ही मला घरून आली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा आली."

मी सायकल कुंपणाला टेकवली.

"ऐकतो कसा?" दोकियानं विचारलं. आवाज अगदी हळू होता.

"कसा म्हणजे?"

"कुठल्या कानानं?"

पेर्सिदानं डोळे मिटून आठवलं. "उजव्या. दोन्ही तारा उजव्या कानाशी धरतो आणि डाव्यावर तळहात ठेवतो. असा." तिनं करून दाखवलं.

दोकिया फाटकाशीच खाली बसली. मातीत, पाय पसरून. मला वाटलं तिला चक्कर आली, मी धावलो, तर तिनं माझा हात झिडकारला.

"मी मारलं होतं त्याला," ती म्हणाली. "चौदा वर्षांचा होता. कारखान्यातून आणलेला कोरा रेडिओ, अजून चालूही केला नव्हता, तो त्यानं उघडून मोडला आणि मी कानाखाली मारली. एकच. रक्त आलं. गावाला सांगितलं, तापानं कान गेला. त्यानंही तेच सांगितलं सगळ्यांना. माझ्यासाठी खोटं बोलला पोरगा. कुणाला माहीत नाही. या आदामलाही नाही."

खरंच मला नव्हतं. त्यानंतर शाळा संपेपर्यंत मी त्याच्या उजव्या, ऐकू येणाऱ्या बाजूला बसलो आणि कधी विचारलं नाही, की तो ताप नेमका कधी आला होता.

पेर्सिदाला उलगडायला थोडा वेळ लागला. उलगडलं तेव्हा ती किंचाळली. "म्हणजे तुम्ही नाव चुकवलंत! माझं लेकरू अंधारात बसलंय आणि तुमचा—"

मी म्हणालो, "चूक माझी आहे. मी मध्येच ओरडलो. आणि तिनं विचारलं तेव्हा खोटं सांगितलं."

"गप्प बस, आदाम," दोकिया म्हणाली. "बावीस वर्षं मी लोकांच्या रेडिओतली खरखर ऐकली. माझ्या तोंडातून काय गेलं ते मला ऐकू येणार नाही? जीभ घसरली, ते खरं. पण शिक्का काही घसरला नाही. तो मी समजून मारला."

पेर्सिदा एक पाऊल पुढं आली.

"गोधडीत बसले होते तेव्हा विचार केला," ती म्हणाली. "तो जिवंत असेल तर डबी कुठं जाणार नाही, बोयानकडं नीट वाजत राहील. मग मी तुझ्यासाठी दुसरी आणीन, पाया पडून माफी मागीन. आणि गेली तर... गेली तर मला कळेल. सोळा वर्षं मला कुणी काही सांगितलं नाही गं. ना या पोस्टानं, ना देवानं. माझ्याकडं तपासायला दुसरं काही नव्हतं." मग ती पेर्सिदाच्या बुटांकडं बघून म्हणाली, "तुझ्या पोराच्या वस्तूवर मी माझ्या पोराची परीक्षा केली. थुंक माझ्यावर."

पेर्सिदा थुंकली नाही. पण तिनं तिला उठवलंही नाही. एवढंच म्हणाली, "त्याला सांगा परत द्यायला. तुमचं ऐकेल तो."

त्याच शनिवारी दोकियानं त्राइलोची पोमाना घातली, सोळा वर्षांतली पहिली. टेबल लहान होतं, माणसं आठ. पण खुर्ची अशी भरली होती की मागं दुसरी लावावी लागली. सोळा वर्षांचे सोळा जोड मोजे, कोट, टॉवेल, बुटांचे दोन जोड, दाढीचं सामान. सगळ्यांत वर त्यानं मोडलेला तोच रेडिओ. तिनं तो कधीच दुरुस्त करून ठेवला होता आणि एकदाही चालू केला नव्हता. आम्हा सगळ्यांसमोर तिनं बोट ठेवलं. "बोट माझं, हात त्राइलोचा." रेडिओ लागला. तिनं चिठ्ठी लिहिली, सगळ्याला पाच, आणि चौदा उमटवला. पहिल्यांदा नीट उमटला नाही. दुसऱ्यांदा मारला.

वस्तू घ्यायला त्याच्या वयाचा पुरुष हवा. गावात त्या वयाचा मी एकटाच उरलो होतो, बाकीचे व्हिएन्नात.

तिनं रेडिओ माझ्या हातात ठेवला, पण बोलली माझ्याशी नाही. "त्राइलो, हे तुझ्या पुढ्यात असो. हा तुझा आहे, याचा आवाज दोन्ही कानांना पुरतो. ती डबी त्या पोराची आहे, त्याला देऊन टाक. अंधारात बसलंय ते. तू मोठा आहेस." मग जरा थांबून म्हणाली, "आणि मी मारायला नको होतं."

मंगळवारी बोयान धावत आला. डावा कान पुन्हा वाजू लागला होता, मंद, पण वाजत होता. पेर्सिदानं मला काही सांगितलं नाही, पण गुरुवारी तिनं दोकियाकडं भरलेल्या मिरच्यांचं भांडं पाठवलं. भांडं परत नको म्हणाली.

मी मात्र सोमवारपासून चार दिवस दोकियाच्या गल्लीनं गेलो नाही. काय ओरडणार फाटकाशी? शुक्रवारी गेलो. ती नेहमीसारखी तुतीखाली होती, समोर कुणाचं तरी मनगटी घड्याळ. मी सायकल थांबवली आणि पिशवीचा पट्टा उगाच सारखा करत राहिलो.

"बोल की," ती म्हणाली.

"काय बोलू, मावशी?"

"रोजचं. तू म्हटल्याशिवाय माझं काम सुरू होत नाही."

मी म्हणालो, "काही नाही, मावशी." सोळा वर्षं ते म्हणताना मला कधी रडू आलं नव्हतं. तिनं हात हलवला आणि घड्याळ कानाशी धरलं.